दम धरायचा नाही

वेल्हे तालुक्यात, केळदच्या पुढे मढे घाटाच्या कड्यावर उभं राहिलं तर अरबी समुद्र सरळ रेषेत साठेक किलोमीटरवर आहे. तरी वेल्ह्याच्या माणसाला तो भेटतो फक्त जून ते सप्टेंबर, आणि तोही डोक्यावर. समुद्रातलं पाणी ढगात बसून घाट चढतं, आमच्या कौलांवर आणि भातखाचरांत कोसळतं, आणि एकदा खाली पडलं की पश्चिमेकडे ढुंकूनही बघत नाही. कानंदी गुंजवणीत जाते, गुंजवणी आणि वेळवंडी नीरेत, नीरा भीमेत, भीमा कृष्णेत आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागरात. साठ किलोमीटरवरचा समुद्र सोडून अख्खा देश ओलांडायचा आणि पलीकडच्या समुद्राला मिळायचं, हा आमच्या पाण्याचा गुण. माणसांचाही तोच आहे. बांधाला बांध असलेल्या चुलतभावाशी बोलणं नाही आणि मुंबईच्या पाहुण्याला तांदळाचं पोतं.

अशा या लोकांना गेल्या काही वर्षांत स्कुबा डायव्हिंगचं वेड लागलंय. इंद्रायणी भात कापून, झोडून, पोती घरात आली की भोर आणि वेल्ह्यातून टेम्पो ट्रॅव्हलर सुटतात. (वेल्ह्याला आता सरकारी कागदावर राजगड तालुका म्हणतात. गाडीच्या काचेवर मात्र अजून ‘वेल्हेकर’च असतं, कारण स्टिकर आधीचं आहे.) पूर्वी सहल म्हणजे अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर. आता कोल्हापूरला अंबाबाई, आदमापूरला बाळूमामा आणि मग घाट उतरून मालवण. देवदर्शन हे घरी सांगायला, मालवण हे स्टेटसला ठेवायला. सोसायटीचे संचालक जातात, महिला बचत गट जातो, दहावीची जुनी बॅच जाते, गणेश मंडळ उरलेल्या वर्गणीतून जातं. परत आलेल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तोच व्हिडिओ असतो. काळा सूट, तोंडात नळी, डोळे बटाट्याएवढे, भोवती पट्ट्यापट्ट्यांचे मासे. मास्कमुळे कोण कोण आहे ते ओळखू येत नाही. त्यामुळे एकाच व्हिडिओवर तीन घरांचं काम भागतं.

आता पाण्याची भीती घालावी असे आम्ही लोक नव्हेत, हे सांगून ठेवतो. दोन तालुक्यांत मिळून भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव एवढी धरणं आहेत. पाणी आमच्या दारात साठतं आणि पिकतं बारामती-फलटणकडे, पण तो विषय वेगळा आणि ब्लडप्रेशरचा आहे. पोहायला आमच्याकडे विहिरीत शिकवतात, आणि शिकवतात म्हणजे ढकलतात. पाठीला रिकामा डबा बांधायचा, मामाने मागून धक्का द्यायचा, पोरगं हातपाय मारत वर आलं की “आलं बघ” म्हणायचं आणि तंबाखू मळायला घ्यायची. डबा हा माणसाला वर ठेवण्यासाठी असतो, ही समजूत त्या वयात हाडात मुरते. मालवणला पहिला धक्का इथंच बसतो. तिथेही पाठीला डबाच बांधतात, पण खाली नेण्यासाठी.

पाण्याखालचं बघायची आमची स्वतःची एक पद्धतसुद्धा आहे. भाटघरचं धरण १९२८ मध्ये पूर्ण झालं. त्याच्या पाण्यात वेळवंडीच्या काठचं कांबरेश्वराचं देऊळ बुडतं. वर्षातले बहुतेक महिने देव पाण्याखाली असतो. मे महिन्यात धरण आटलं की देऊळ वर येतं, लोक चिखल तुडवत जातात, बाहेर चपला काढतात, नारळ फोडतात, फोटो काढतात. पाऊस लागला की देव पुन्हा पाण्यात. म्हणजे बुडालेली गोष्ट बघायला आपण खाली जायचं नाही, पाण्याने खाली जायचं. सिलेंडर नको, मास्क नको, भाडं नको. फक्त मे महिन्यापर्यंत थांबायची तयारी हवी. ती आमच्याकडे आहे. महसूल खात्याने लावलेली सवय आहे.

मालवणच्या किनाऱ्यावर उतरल्यावर पहिला अर्धा तास इतिहासाचा असतो. आमच्या गाडीतले माजी सरपंच बोटवाल्याला म्हणाले, “हा सिंधुदुर्ग आहे ना, याचा पाया घातला २५ नोव्हेंबर १६६४ ला. तेव्हा राजधानी कुठं होती? राजगडावर. म्हणजे हुकूम आमच्या तालुक्यातनं सुटला. तवा जरा हिशेबानं घ्या.” मुद्दा खोटा नाही. कुरटे बेटावर दगड रचले जात होते तेव्हा स्वराज्याचा कारभार खरोखरच गुंजवणीच्या खोऱ्यावरून चालत होता. बोटवाल्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “बिल राजगडाच्या नावान करू काय?”

भाव कमी झाला नाही. मग घासाघिशीची दुसरी फेरी. “पाण्याखाली पाच मिनिटं कमी ठेवा, पण दोनशे कमी करा.” ही मागणी मालवणात दर हंगामात किती वेळा होत असेल कोण जाणे. त्यांच्याकडे उत्तर तयार असतं. “काका, कमी ठेवूक गावतला, पण मगे वर कोण आणतलो?”

त्यानंतर फॉर्म. दमा आहे का, हृदयाचा त्रास आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, ब्लडप्रेशर आहे का. आमच्या लोकांचा फॉर्म भरण्याचा सराव पीकविम्यावर झालेला असल्यामुळे, जे लिहिल्याने फायदा होतो तेवढंच लिहायचं हे पक्कं असतं. सकाळी नाश्त्यानंतर एकमेकांकडे बीपीची गोळी मागणारे सगळे इथं ठणठणीत निघाले.

मग मिशी. मास्कची रबरी कड नाकाखाली थेट कातडीला चिकटावी लागते. मधे केस आले की त्या वाटेने पाणी झिरपतं, आणि मास्क नाकासकट डोळे झाकत असल्यामुळे ते आत साचून डोळ्यांपर्यंत चढतं. हे जगभरच्या मिशीवाल्या डायव्हरांचं दुखणं आहे. पण जगभरच्या मिशा वेगळ्या आणि मावळातली मिशी वेगळी. प्रशिक्षकाने माजी सरपंचांना नम्रपणे सुचवलं की नाकाखालचा बोटभर भाग साफ केला तर बरं. सरपंचांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. “निवडणूक हरलो तवा काढली न्हाई,” ते म्हणाले, “आता मासे बघाय काढू?” शेवटी व्हॅसलीनवर तडजोड झाली. एक अख्खी डबी मिशीत जिरवली. व्हिडिओत आता ते ओळखू येतात, एवढा फायदा झाला.

कमरेला शिशाचे तुकडे ओवलेला पट्टा बांधतात. वेटसूट ज्या फेसाळ रबराचा असतो त्यात हवेचे बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. तो सूट माणसाला खाली जाऊच देत नाही, म्हणून शिसं. सिंधुदुर्गाचा पाया घालतानाही खडकात शिसं ओतल्याचं सांगतात. साडेतीनशे वर्षांत मालवणच्या समुद्राची अट काही बदललेली नाही. इथं टिकायचं तर बुडाला शिसं पाहिजे.

पण मावळ्याची खरी पंचाईत होते ती श्वासाशी. आमच्याकडे लहानपणापासून पाण्याखाली जायचं म्हणजे छाती भरून घ्यायची आणि तोंड गच्च मिटायचं. विहिरीच्या तळाचा दगड आणून दाखवणारा पोरगा हा गावातला पहिला हिरो. इथं उलटं. प्रशिक्षकाचा पहिला आणि शेवटचा नियम एकच. “दम धरायचा नाही. काय झाला तरी श्वास घेत रवायचा.”

हा नियम मास्तरी खाक्याचा नाही, जिवाचा आहे. दर दहा मीटर पाण्याला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरवर दाब दुप्पट. तिथे सिलेंडरमधून छातीभर घेतलेली हवा तोंड मिटून वर आणली, तर वर येईपर्यंत ती दुप्पट जागा मागते. छाती तेवढी जागा देत नाही आणि फुप्फुस फाटतं. दीड मीटरवरूनसुद्धा इजा होऊ शकते. विहिरीतला पोरगा वाचतो, कारण त्याने हवा वरूनच नेलेली असते. खाली दबते, वर आली की होती तेवढी होते. समुद्रात हवा खालीच भरून घेतलेली असते, सगळा फरक तिथं आहे.

आमच्यातले गुरुजी शाळेत विज्ञान शिकवतात, त्यामुळे त्यांना राहवेना. बोटीतच त्यांनी हिशेब मांडला. तोरणा १,४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला. समुद्रकाठापासून तोरण्याच्या माथ्यापर्यंत गेलं तर हवेचा दाब कमी होतो साधारण पंधरा टक्के. पाण्यात तेवढाच फरक पडायला किती खाली जावं लागतं? दीड मीटर. म्हणजे बिनी दरवाज्यापाशी गुडघ्यावर हात ठेवून जो आपण देवाचा धावा करतो, ती सगळी चढाई पाण्यात एका माणसाच्या उंचीत संपते. हे ऐकून बोटीत दोन मिनिटं कोणी बोललं नाही. तोरण्याचा असा अपमान आजवर कोणी केला नव्हता.

सिलेंडरमध्ये ऑक्सिजन असतो, ही आणखी एक समजूत तिथं फुटते. साध्या डायव्हिंगच्या नळकांड्यात आपली रोजचीच हवा असते, गाळून दाबून भरलेली. हे कळल्यावर आमच्यातले दूधवाले भाऊ अस्वस्थ झाले. “म्हंजे ह्योच वारा? पैसं देऊन?” त्यांना दुधात काय भरलं की किती पैसे होतात हे माहीत असल्यामुळे, नुसती हवा भरून धंदा होतो याचं त्यांना कौतुकही वाटलं आणि दुःखही.

ती हवा हवी तेव्हा, हव्या त्या दाबाने तोंडात सोडणारी कळ १९४३ मध्ये फ्रान्समध्ये जमली. नौदलातला झाक कूस्तो आणि इंजिनिअर एमिल गान्यां यांनी ती केली. गान्यांकडचा मूळ व्हॉल्व्ह पाण्यासाठी नव्हताच. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवायची धडपड चालली होती, त्यासाठीचा तो होता. हे आमच्या ड्रायव्हरला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मंजे गॅसकिटच की.” आणि सगळ्यांत निर्धास्तपणे तोच पाण्यात उतरला.

खाली बोलता येत नाही. ग्रामपंचायतीत मुरलेल्या माणसाला वीस मिनिटं न बोलता ठेवणारी यंत्रणा यापूर्वी कोणत्याही शासनाला सापडलेली नव्हती. सगळं खुणांवर. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला तर ठीक आहे. पंजा आडवा हलवला तर काहीतरी बिघडलंय. आणि अंगठा वर केला तर वर चला. बॅनरवर, फ्लेक्सवर, सत्काराच्या फोटोत गेली वीस वर्षं अंगठा दाखवत आलेल्या माणसांना ही तिसरी खूण झेपत नाही. कॅमेरा समोर आला की अंगठा आपोआप वर होतो आणि प्रशिक्षक इमानेइतबारे माणसाला वर घेऊन येतो. सोसायटीचे चेअरमन अजून तक्रार करतात की पैसे वीस मिनिटांचे घेतले आणि सारखे वर काढत होते.

आता प्रवाह.

आम्ही निघतानाच गुरुजींनी पंचांग बघितलं होतं. अमावास्येला घरातून बाहेर पडायचं नाही, म्हणून आदल्या दिवशी निघालो. त्यामुळे ऐन अमावास्येला बरोब्बर समुद्रात. मालवणच्या पोराने सकाळी पाण्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, “उधाण आसा. पाण्याक ओढ आसा. जरा थांबा.” पंचांग तोही बघतो, फक्त दुसऱ्या कारणासाठी. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन ओढतात, भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते. वेळ तीच सहा तासांची आणि न्यायचं पाणी जास्त, म्हणून ते पळत जातं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, त्याची धाव कमी. भरती संपून ओहोटी लागायच्या मधे पाणी थोडा वेळ बऱ्यापैकी थांबतं. जाणते लोक ती वेळ धरतात.

“म्हंजे दर सहा तासांनी बाजू बदलतंय?” सरपंचांनी विचारलं. “मग कळलं. हे आपल्या वळखीचं हाय.”

पण थांबायला ते तयार नव्हते. नीरेच्या पुरात पोहलेला माणूस किनाऱ्यावर बसून राहील का? इथे दोन आकडे सांगतो. समुद्रातला वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. वारीतल्या आज्या याच्या दुपटीने चालतात. तरी एका नॉटच्या प्रवाहाविरुद्ध पायात फिन घातलेला तयार डायव्हरही फार वेळ टिकत नाही. कारण पाणी हवेच्या आठशेपट जड आहे, आणि त्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, तर जोर चौपट. पाण्याचा जोर काय असतो हे आमच्या तालुक्याला कोणी सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पुण्याने ते पाहिलं. त्यावर विनोद करायची माझी छाती नाही.

दुपारी पाणी जरा नरमलं आणि एकेकाला दोरावरून खाली नेलं. प्रत्येकामागे एक प्रशिक्षक, सिलेंडरचा गळा धरून. आपण काही करायचं नसतं. हेच नेमकं पुरुषमंडळींना जमेना. जो तो हात मारू लागला. सरपंच तर विहिरीत मारतात तसे, समोर पाणी फाडत. प्रवाह उजवीकडे नेतोय म्हटल्यावर त्यांनी डावीकडे जाण्याचं ठरवलं, आणि एकदा ठरवल्यावर ते बदलत नाहीत. समोरचा खडक मात्र होता तिथेच. हवा भराभरा संपली, आणि किती पुढे गेलो याची चौकशी केली तर अर्धा हात मागे आले होते.

बचत गटाच्या काकू त्यांच्यानंतर उतरल्या. पन्नाशी उलटलेली, पोहता येत नाही, वेटसूटवरून स्कार्फ काढायला नाखूश. त्या खाली गेल्या आणि अंग सोडून दिलं. प्रवाह न्यायचा तिकडे गेल्या, पोराने धरलं तिथे थांबल्या, मासे बघितले, ठरलेली सगळी मिनिटं पुरवून वर आल्या. कसं काय जमलं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “त्यो पोरगा म्हनला, मावशी, तुमी काय एक करू नका. आजवर मला आसं कुनी म्हनलंच नव्हतं.”

समुद्रात खोल जाणारे लोक जे वर्षानुवर्षं शिकतात, ते काकूंनी वीस मिनिटांत करून दाखवलं. जोराच्या प्रवाहात पोहायचं नसतं. प्रवाहासोबत जायचं, बोटीने वरून मागे यायचं, आणि वर येण्याआधी नारिंगी रंगाची लांबट फुगणारी पिशवी दोरीला लावून पाण्यावर सोडायची, म्हणजे बोटवाल्याला कळतं आपण कुठे निघतोय. थांबायचंच असेल तर तळाशी, खडकाच्या आडोशाला, कारण तिथे पाणी मंद असतं. गडाच्या तटाला शिडी लावणारं आमचं रक्त असं वाहून जायला तयार होत नाही, हा त्या रक्ताचा दोष आहे. तिथं उपयोगी पडलं म्हणून सगळीकडे पडेलच असं नाही.

खाली काय दिसलं? मालवणच्या त्या भागात पर्यटकाला पाच-सात मीटरच्या आसपास नेतात. पाणी स्वच्छ असेल तर प्रवाळ, खडकांतल्या भेगा आणि पावाच्या आशेने आलेले मासे. (पाव घालू नये असं मला वाटतं. माशांना पाव खायला लावून आपण त्यांचं काय भलं करतो ते कळत नाही. घाटावरच्या माकडांचं काय झालं ते आपण बघितलंय.) काचेतून आणि पाण्यातून प्रकाश वाकून येत असल्यामुळे खाली सगळं एक तृतीयांश मोठं दिसतं, आणि जवळही. तो मासा गावात पोचेपर्यंत आणखी वाढतो, ती वाढ मात्र भौतिकशास्त्राची नाही. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी विरतो. सरपंचांच्या मनगटावरचा लाल दोरा खाली मातकट दिसला, तेव्हा नवस मोडला की काय म्हणून ते जरा घाबरले होते.

बोटीत लाइफ जॅकेट देतात. ते आमच्याकडे फोटोपुरतं घालतात आणि नंतर बसायला घेतात. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाण्याखालून सुखरूप वर आलेली माणसं पाण्यावर बुडाली. बक्कल लावा.

हे झालं सहलीचं. पण गावात एक भाचा आहे. शिरवळच्या कंपनीत कामाला, आणि त्याने रीतसर कोर्स केलाय. तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबा डायव्हिंगची संस्था आहे. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. पहिल्या पातळीचा परवाना अठरा मीटरपर्यंतचा मिळतो. भाचा आता त्याच्या पुढच्या शिकवण्या करतोय, कारण त्याला आंग्रिया बँकेवर जायचंय. बँक या शब्दावर पारावर जेवढे विनोद व्हायचे तेवढे होऊन गेलेत, ते इथे देत नाही.

आंग्रिया बँक म्हणजे विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभराहून थोडे जास्त किलोमीटर आत, भर समुद्रात बुडालेलं एक पठार. लांबी साधारण चाळीस किलोमीटर, रुंदी पंधराएक. नाव सरखेल कान्होजी आंग्र्यांवरून, जे १७२९ मध्ये वारले आणि ज्यांचा इंग्रजांच्या जहाजांना धाक होता. पठाराचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर, त्यावर प्रवाळ, आणि कडेला एकदम खोल. म्हणजे गडच, पण बिनशिखराचा आणि बिनवाटेचा. मोकळ्या समुद्रातून वाहत येणारं पाणी त्याच्या कड्याला धडकतं आणि वर, माथ्यावरून पळत सुटतं. आमच्या मढे घाटात कोकणातून आलेला वारा कड्याला थडकून वर उसळतो आणि धबधब्याचं पाणी उलटं आमच्याच तोंडावर फेकतो, तसंच. तिथं आम्ही मागे सरकून भजी खातो. आंग्रियावर मागे सरकायला जागा नाही. किनारा शंभर किलोमीटरवर, बोट हाच किनारा.

भाच्याने मला गणित सांगितलं. सिलेंडरमध्ये दोन हजार दोनशे लिटरच्या आसपास हवा मावते. शांतपणे पोहणारा डायव्हर वर मिनिटाला वीस लिटर घेतो, म्हणजे साधारण पावणेदोन तास पुरेल. वीस मीटरवर दाब तिप्पट, म्हणून हवाही तिप्पट लागते. उरली छत्तीस मिनिटं. त्यातली शेवटची वर येण्यासाठी राखून ठेवायची. आणि प्रवाहाशी भांडण काढलं तर श्वास दुपटीने चालतो, मग काय उरतं ते विचारू नये. “मामा,” तो म्हणाला, “तिथं जो तापट, तो आधी वर.” ग्रामसभेला हा नियम लावला तर गावाचं भलं होईल, पण प्रत्येकाच्या पाठीला सिलेंडर बांधणार कोण?

त्याच्या आईला काळजी वेगळीच. “येवढ्या लांब जाऊन बगनार काय?” तिने विचारलं. तो म्हणाला, “पठार.” तेव्हापासून ती त्याच्याशी बोलत नाही. घराच्या मागच्या दाराला पठार आहे आणि तिथं गाई सोडायला तो कधी गेलेला नाही.

शेवटचा मुद्दा परतीचा, आणि हा फक्त आमच्या तालुक्यांचा. डायव्हिंगच्या शास्त्रात समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या वरचं पाणी हे ‘उंचावरचं’ धरतात, त्याला हिशेब वेगळा. भाटघर भरलं की त्याची पातळी सहाशे मीटरच्या वर असते. म्हणजे उद्या कोणी पावसाळ्यात कांबरेश्वराच्या कळसाला बुडी मारून हात लावला, तर ती जगाच्या लेखी उंचावरची डाइव्ह. आमच्या खोलगट खोऱ्याला उंच म्हणणारं हे पहिलंच शास्त्र.

आणि याची दुसरी बाजू अशी. खोल पाण्यात दाबाखाली नायट्रोजन अंगात मुरतो. वर आल्यावर तो हळूहळू निघून जातो, पण लगेच उंच गेलं तर दाब कमी होऊन त्याचे बुडबुडे होतात आणि सांधे धरतात, कधी त्याहून वाईट. म्हणून एकाहून जास्त डाइव्ह केल्या असतील तर विमानात बसायला किमान अठरा तास थांबायला सांगतात, आणि ही काळजी सहाशे मीटर उंचीपासूनच घ्यायची असते. कोकणच्या माणसाला हा नियम विमानतळावर लागतो. वेल्ह्याच्या माणसाला घरी जाताना लागतो. घाट चढून तो रात्री दारात उतरला की शास्त्राच्या दृष्टीने तो विमानातच बसलाय, फक्त हवाईसुंदरीऐवजी म्हशी आहेत.

सहलीवाल्यांनी घाबरू नये. सात मीटर आणि वीस मिनिटांत मुरण्यासारखं फार काही मुरत नाही. पण भाच्यासारखं कोणी चार दिवस खोल बुड्या मारून आलं, आणि सुखरूप आलो म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तोरण्यावर मेंगाईला नारळ फोडायला निघालं, तर त्याला दारातच अडवा आणि नारळ एक दिवस पुढे ढकलायला सांगा. देवीला उशीर चालतो, हे मी गुरवाला विचारून घेतलंय.